मधल्या सिलिंडरचा वॉल्व्ह

आमच्या गल्लीत प्रत्येक बाईला काहीतरी नातं आहे. कोणी काकू, कोणी मावशी, कोणी अमक्याची आई. मला नातं नाही. मी मॅडम. कोराडीच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि स्वतःची गाडी स्वतः चालवत कामावर गेले, एवढ्या भांडवलावर मला हे पद मिळालं. पद मानाचं आहे. पण मॅडमकडे कोणी विरजण मागायला येत नाही.

गाडी जुनी आहे. तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, कार्ब्युरेटर, हाताने फिरवायच्या काचा. निवृत्त झाल्यावर तिला न्यायचं कुठे हा प्रश्न पडला. भाजी कोपऱ्यावर मिळते, बँक फोनात आली, आणि ज्यांच्याकडे जाऊन बसावं अशी माणसं एकतर पुण्याला गेली किंवा वर गेली. तरी रोज सकाळी, माझ्या ड्युटीच्या वेळेला, मी पोर्चमध्ये जाऊन गाडी सुरू करत असे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं स्वतःला सांगायचे. जरा वेळ इंजिन चालू ठेवायचं, काचेवरची धूळ पुसायची, मग किल्ली फिरवायची आणि आत येऊन चहा ठेवायचा. फाटक उघडायची वेळ महिन्यातून एखाद्या वेळी यायची, नंतर तीही येईनाशी झाली.

बॅटरी हे कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. समोरच्या घरात माझ्याच वयाच्या एक काकू राहतात. मूळच्या काटोलकडच्या, घरची शेती अजून आहे, इथे मुलगा-सुनेजवळ असतात. एकदा फाटकाशी उभ्या असताना त्या सहज म्हणाल्या, "मॅडम, तुमची गाडी सुरू झाली का आमच्या घरी कुकर चढते. घड्याळ पाहाचं कामच नाही." एवढंच बोलून त्या कचऱ्याच्या गाडीकडे वळल्या. मी मात्र ते वाक्य घरात घेऊन आले. आपल्या इंजिनाच्या आवाजावर कोणाच्या तरी घरी वरण शिजतं, ही गोष्ट मला दिवसभर पुरली. खोटं कशाला बोलू, पुढची दोनेक वर्षं पुरली. सकाळी किल्ली फिरवली की मी समोरच्या शिट्टीकडे कान लावायचे. शिट्टी झाली की आत यायचे.

या मे महिन्यात, नवतप्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस लागायच्या आधीच नागपूर तव्यासारखं तापलं असताना, गाडीने दगा दिला. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, पण सगळी गाडी थरथरायला लागली. मग बोनेटखालून फट् असा आवाज आला, पुन्हा फट्, आणि बंद. पुन्हा सुरू केली तर तेच. बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या तोंडातून धुराची बारीक रेघ येत होती. धूर मागच्या बाजूने यायचा, तो पुढून आला म्हणजे काहीतरी उलटं चाललं आहे एवढं मला कळलं. मी किल्ली काढून घेतली.

समोर शिट्टी झाली नाही. झालीही असेल, कूलरच्या घरघरीत मला ऐकू आली नसेल. मला वाटलं, आता कोणीतरी येईल. निदान फाटकातून विचारेल, "काय मॅडम, गाडी बिघडली का?" मी चहासुद्धा एक कप जास्त टाकला. तो मीच प्यायले.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी मी पोर्चमध्ये जाऊन नुसती उभी राहिले. गल्लीत पाण्याचा नळ चालू होता, कोणीतरी अंगण शिंपडत होतं, माणसं बोलत होती. गाडी सुरू झाली नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला राग आला. माझा राग हा एक स्वतंत्र विषय आहे. तो कोणावर ओरडत नाही, दार लावून बसतो. न विचारोत, म्हटलं. मीही सांगणार नाही. पाहू तरी किती दिवस कोणाला पत्ता लागत नाही ते. पोर्चला उन्हासाठी हिरवी जाळी लावलेली असते, ती फाटकापर्यंत पूर्ण ओढून घेतली. पुढचं दार आतून लावलं. दूध आणायला मागच्या दाराने, मागच्या गल्लीतून जायला लागले. या वयाला शोभतं का असं कोणी विचारायला हवं होतं, पण विचारायलाही कोणीतरी लागतं.

माझा भाऊ पुण्याला असतो. तो पंधरा दिवसांनी फोन करतो आणि वहिनीकडे देतो, वहिनी तब्येतीचं विचारते आणि परत त्याच्याकडे देते. दर वर्षी होळी झाली की तो म्हणायचा, "उन्हाळ्यात ये इकडे, नागपुरात भाजून निघशील." मी दर वर्षी म्हणायचे, "बघू." तो आग्रह करायचा नाही, मी जायचे नाही, दोघांचंही बरं चाललं होतं. या वर्षी तो म्हणालाच नाही. विसरला असेल. मी आठवण करून दिली नाही. ये म्हण, असं सांगून ये म्हणवून घेण्यात काय अर्थ आहे?

मेकॅनिकला मी फोन केला, तोही रागातच. त्याचं गॅरेज कामठी रोडला आहे, नोकरीच्या काळापासून गाडी तोच पाहतो. मी आवाज काढून दाखवला, फट्, फट्. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"मॅडम, स्टार्टर मारू नका आता," तो म्हणाला. "बिलकूल नाही. हवा मागं फेकून राहिली म्हणजे इनटेकचा वॉल्व्ह अटकला."

इनटेकचा वॉल्व्ह म्हणजे पेट्रोल आणि हवा आत घेणारी झडप. ती उघडते, माल आत घेते, आणि मग घट्ट बंद व्हावी लागते, तेव्हा कुठे आतला भडका खाली जोर लावतो. माझी एक झडप उघडल्यावर बंदच होत नव्हती, म्हणून सगळा जोर आल्या वाटेने परत जात होता.

"गाडी चालवता का नाही?" त्याने विचारलं.

"रोज सुरू करते."

"चालवता का, म्हणतो मी."

फाटक शेवटचं कधी उघडलं ते मी आठवून पाहिलं. तोच पुढे बोलला. रोज सुरू करून लगेच बंद केलं की इंजिन कधी तापतच नाही, पेट्रोलचा चिकटा वॉल्व्हच्या दांडीवर बसतो, ओल धरते, दांडी फसते. "त्याच्यापेक्षा सुरूच नसती केली तर बरं झालं असतं," असंही म्हणाला. मग गाडी उभी कुठे असते ते विचारलं. पोर्चमध्ये, म्हटलं. कूलर कुठे आहे? मी मान वळवून पाहिलं. कूलर पोर्चकडच्या खिडकीत, स्टँडवर, आणि त्याच्या ओल्या वाळ्याला चिकटून गाडीचं तोंड. टाकीतून पाणी ओघळतं ते नेमकं पुढच्या चाकाशी. सावली असते, गारवा असतो, म्हणून मी गाडी मुद्दाम तिथे लावत आले होते. उन्हाळ्यात तिलाही बरं वाटेल, असा माझा त्यामागचा विचार.

मी आयुष्यभर बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजला. नळ्यांना गंज लागू नये म्हणून एवढ्या मोठ्या वीज केंद्राचं पाणी रोज बाटलीत धरून तपासलं. आणि घरच्या इंजिनाला दर उन्हाळ्यात ओली हवा पाजत बसले. हे प्रयोगशाळेतल्या कोणाला कळलं असतं तर चहाच्या सुट्टीत वर्षभर पुरलं असतं.

मेकॅनिकची पोरं लग्नसराईसाठी गावाला गेली होती, तो स्वतःही पुतणीच्या लग्नात अडकला होता. आठवडाभर थांबा किंवा ओढून दुसऱ्या गॅरेजला न्या, म्हणाला. गाडी ओढून न्यायची म्हणजे जाळी उघडायची, दोर बांधायचे, सगळी गल्ली बघायला उभी राहणार. मग चौकशी करतीलच. पण ती चौकशी मला नको होती. तमाशा पाहून तर कोणीही विचारतं.

"मी सोडवते," म्हटलं. "कसं करायचं सांगा."

पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावत त्याने सगळं सांगितलं. वरचं झाकण काढा, वॉल्व्हच्या दांडीवर गंज सुटायचा स्प्रे मारा, थांबा, मग दांडीच्या डोक्यावर लाकडाने हलकं हलकं ठोका. दांडी जराशी खाली जाईल, स्प्रिंग तिला जराशी वर आणेल. असं करत करत मोकळी होते. "पण जोर लावू नका मॅडम. वर एक छोटं लॉक असते, ते निसटलं का वॉल्व्ह आत पडते. मंग इंजिन खोलावं लागते." आणि ठोकताना त्या सिलिंडरचा पिस्टन खाली असला पाहिजे, नाहीतर वॉल्व्ह त्याच्यावर आपटेल.

दुपार ही नागपुरात मे महिन्यात कोणाचीच नसते. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, सगळी घरं कूलर लावून आत झोपलेली असतात. मी तीच वेळ धरली. डोक्याला ओला पंचा बांधला, जुना सलवार-कुर्ता घातला आणि पाने घेऊन बोनेटमध्ये वाकले. बोल्ट तापून चटका देत होते. झाकण निघालं तेव्हा जुन्या ऑइलचा वास आला आणि मला एकदम टर्बाइन हॉल आठवला, तिथला आवाज, तिथे मोठ्याने ओरडून बोलणारी माणसं. निवृत्तीनंतर मी कोणाशी ओरडून बोलले नाही. त्याचंसुद्धा वाईट वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

कोणता वॉल्व्ह अडकला हे लगेच कळलं. प्रत्येक वॉल्व्हला वरून दाबणारा रॉकर नावाचा एक लहानसा लोखंडी तुकडा असतो. बाकीचे रॉकर नीट बसलेले होते, मधल्या सिलिंडरचा एक मात्र बोट लावलं की खुळखुळत होता. पडायला आलेल्या दातासारखा. त्याच्या खालची दांडी खालीच राहिली होती, तिला वर यायचं सुचत नव्हतं.

प्लग काढून ठेवले. मधल्या प्लगच्या भोकात विणायची सुई सोडली आणि पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायला लागले. सुई वर येते म्हणजे पिस्टन वर येतो, सुई खाली जाते म्हणजे पिस्टन खाली. पिस्टन पार तळाशी गेला तसं थांबले. मग लाकूड शोधलं. घरात लाकडाचं असं लाटणंच निघालं. साठी ओलांडलेली बाई भर दुपारी लाटणं घेऊन बोनेटमध्ये ठोकते आहे, हे चित्र मला स्वतःलाच पाहवेना. पण पोळ्या मी एकटीसाठी लाटत नाही, विकत आणते, तेव्हा लाटण्यालाही तेवढंच काम झालं.

स्प्रे मारला. लाटण्याचं टोक दांडीवर टेकवून वरून लहान हातोडीने टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं. घामाने डोळ्यात मीठ गेलं. बऱ्याच वेळाने दांडी सुईच्या टोकाएवढी खाली गेली आणि तिथेच बसली, वर काही येईना. म्हणजे होतं त्याहून वाईट झालं. मी हात टेकले. स्प्रे पुन्हा भरपूर मारला आणि आत जाऊन कूलरसमोर फरशीवर आडवी झाले.

पुढचे सगळे दिवस असेच गेले. सकाळी मागच्या दाराने दूध, मग वर्तमानपत्र, मग दुपारची वाट. स्प्रे, थांबणं, टकटक. दांडी थोडी खाली, थोडी वर. कधी वाटायचं निघाली, तेवढ्यात पुन्हा धरायची. जोराने एक ठोका द्यायचा मोह फार वेळा झाला. पण ते छोटं लॉक डोळ्यांसमोर यायचं आणि मी हातोडी खाली ठेवायचे. मी तिच्याशी बोलायलाही लागले होते. "ये बाई वर, काहून अडून बसली," असं मी मोठ्याने म्हटलं तेव्हा माझ्या आवाजाने मीच दचकले. बऱ्याच दिवसांत मी घरात आवाज काढला नव्हता.

आणि रोज, ठोकता ठोकता, माझा एक कान जाळीकडे असे. कोणाचं पाऊल वाजतं का, फाटकाची कडी हलते का. एकदा खरंच वाजली. मी हातोडी धरून तशीच उभी राहिले. वाऱ्याने वाजली होती. तेव्हा मी तिथेच, गाडीच्या बंपरवर बसून रडले. रडण्यासारखं काय झालं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मी मेले असते तरी या जाळीच्या आत कोणी डोकावलं नसतं, एवढंच एक वाक्य डोक्यात फिरत होतं. जाळी मीच ओढून घेतली होती, हे तेव्हा आठवलं नाही. रागाला एवढं कुठे आठवतं.

मग एका दुपारी टक् असं झालं. मी ठोकलं, दांडी खाली गेली आणि स्प्रिंगने तिला एका झटक्यात वर ओढून घेतलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा टक्. रॉकरला बोट लावलं, खुळखुळ थांबली होती. मी पाना लावून इंजिन हाताने फिरवलं तर मधला वॉल्व्ह बाकीच्यांसारखा शहाण्यासारखा वरखाली करत होता. मला इतका आनंद झाला की मी लाटणं हातात घेऊन आत धावले. आत कोणी नव्हतं. हे मला ठाऊक होतं, तरी मी स्वयंपाकघरापर्यंत गेले.

मेकॅनिकला फोन केला. मागे लग्नाचा बँड वाजत होता. "निघाला," मी ओरडले. "वा मॅडम," तोही ओरडला. "आता गाडी फिरवा. दूर न्या, चांगली तापू द्या. मी पंगतीत बसलो, नंतर बोलतो." नंतर त्याचा फोन आला नाही. मीही वाट पाहिली नाही, म्हणजे फार पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळेला, मी झाकण बसवलेली गाडी सुरू केली. आधी कुंथली, मग एकदम लागली. आत मारलेला सगळा स्प्रे जळायला लागला आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघून जाळीच्या आत दाटला. मला खोकला आला. धूर बाहेर जावा म्हणून मी जाळी सरकवली, फाटक उघडलं, आणि समोर काकू उभ्या. हातात परात, अर्धे तांदूळ निवडलेले. माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा फुलला होता.

"आल्या का मॅडम? कवा आल्या?"

मला काही कळलं नाही. मी खोकत राहिले.

"गाडीचा आवाज बंद झाला ना, त्याच दिवशी मी सुनेले म्हटलं, मॅडम गेल्या वं भावाकडे. नेलं त्यानं पुण्याले. मंग दार बंद दिसलं, जाळी ओढलेली. मी म्हटलं बरं झालं. एवढ्या उन्हात एकलं माणूस काय करून राहते घरात?" त्या खरोखर खूश होत्या. "रोज सकाळी आठवण ये तुमची. कुकर लावाले उशीर होऊन राहिला होता आमच्याकडे. पण म्हटलं, जाऊ दे, तिकडे सुखात असतील."

पहिल्याच दिवशी. मी चहा जास्त टाकून वाट पाहत बसले होते, त्याच दिवशी समोरच्या घरात माझं नाव निघालं होतं. रोज निघत होतं. मी आत कुढत होते आणि बाहेर ही बाई माझ्या सुखाने सुखावत होती. मी इथेच होते, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण मग त्या विचारणार, इथेच होता तर दिसल्या कशा नाही? आणि मी काय सांगणार? तुम्ही येता का ते पाहत होते?

"हो," मी म्हटलं. "काल आले."

"संत्रा बर्फी नेली होती का भावासाठी?"

"नेली होती ना."

"चांगला हाय तुमचा भाऊ," त्या म्हणाल्या. "नाहीतर कोण नेते आजकाल?"

धूर निवळला तरी त्या गेल्या नाहीत. पुण्यात रात्री पांघरूण लागतं का, वहिनी काय काय करून घालत होती, भाऊ लिफ्टच्या घरात राहतो का. मी एकेक उत्तर देत गेले. वहिनीच्या हातची आमटी मी फार मनापासून वर्णन केली, ती मी शेवटची कधी खाल्ली ते मला आठवत नाही. तेवढ्यात सून बाहेर आली, शेजारची एक मावशी थांबली. "मॅडम पुण्याहून आल्या," काकूंनीच सगळ्यांना सांगितलं. इतकी माणसं माझ्या फाटकाशी घराच्या वास्तुशांतीनंतर कधी उभी राहिली नव्हती.

माणूस गावाहून आला की घरोघरी काहीतरी देतो, ही आमच्या गल्लीची रीत आहे. पुण्याहून येणारा बाकरवडी आणतो. काकूंनी मागितलं नाही, पण माझ्या ते लक्षात आलं. रिकाम्या हाताने आलेली बहीण म्हणजे भावालाच बोल. माझ्या खोट्यातल्या भावालाही मी कमीपणा येऊ देणार नव्हते. तेव्हा दुपारी, सगळी गल्ली झोपल्यावर, मी हळूच फाटक उघडून गाडी बाहेर काढली. कित्येक महिन्यांनी. धरमपेठेतल्या एका दुकानात पुण्याची म्हणून बाकरवडी मिळते हे मला माहीत होतं. भर उन्हात, काचा खाली करून, आगीसारखा वारा तोंडावर घेत मी सदर बाजारातून गेले. इंजिन काय सुरेख चाललं होतं. तिन्ही सिलिंडर एका सुरात. ते ऐकत मी उगाचच एक चौक पुढे जाऊन परत फिरले.

पाकिटावर नागपूरचा पत्ता छापलेला होता. घरी येऊन मी सगळी पाकिटं फोडली, बाकरवडी स्टीलच्या डब्यात ओतली आणि पाकिटं कचऱ्यात सगळ्यात खाली दाबली.

संध्याकाळी डबा घेऊन समोर गेले. इतक्या वर्षांत मी त्या घराच्या पायरीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. काकूंनी मला कूलरसमोर बसवलं, सुनेने पन्हं आणून दिलं. काकूंनी एक बाकरवडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पुण्याची चव वेगळीच असते." सुनेने मान हलवली. मीही हलवली.

मग त्या जरा जवळ सरकल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताला तांदळाची पांढरी भुकटी लागलेली होती. "एक विचारू का मॅडम? करमलं का तुमाले तिथं?"

दिवसभर मी खोटं बोलत आले होते, आता आणखी एक बोलायला काहीच हरकत नव्हती. पण मी त्या हाताकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात करमलं नाही."

"मले वाटलंच," काकू म्हणाल्या. "आपलं घर ते आपलं घर." आणि हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "मंग इकडे येत जा ना दुपारची. दोघी बसू बोलत. सांगा मले सगळं पुण्याचं, मी तर काटोल आन् नागपूर सोडून काही पाहिलं नाही."

येईन, म्हटलं. जायचंच आहे मला, उद्या दुपारी जाईन. फक्त भावाच्या गॅलरीतून काय दिसतं ते आधी ठरवायला हवं. त्या विचारतील.